बाराचा आकडा

आमच्या घरात बारा हा शब्द चालत नसे. दुपारचा भोंगा झाला की आई म्हणायची, "अकरा वाजून तास झाला, हात धुऊन घ्या." लिंबं यायची ती डझनाने. मी तिसरीत असताना बाईंनी "तीन चोक?" विचारलं, तर मी उठून ठणठणीत आवाजात "डझन" म्हणाले आणि वर्गभर खसखस पिकली. माझं बारावं वर्षसुद्धा "अकरा पुरी झाली, आता तेराकडे निघाली" असं म्हणत म्हणत पार पडलं.

बारा हा माझ्या वडिलांचा क्रमांक होता, पक्षाच्या सेवा पथकातला. तो त्यांच्याकडून काढून घेतला गेला, आणि त्या दिवसापासून तो आकडाच घरातून तडीपार झाला.

पक्षाचं पथक म्हटलं की हल्ली लोकांच्या डोळ्यांपुढे भलतंच काही उभं राहतं, म्हणून सांगते. ही माणसं भाषणं करत नसत. सभा असली की सकाळी जाऊन मैदान झाडायचं, सतरंज्या अंथरायच्या, दोर धरून बायकामुलांची वाट मोकळी ठेवायची, चुकलेल्या पोरांना व्यासपीठामागे बसवून गोष्टी सांगायच्या, पाणी द्यायचं. आणि सगळे पुढारी गाड्यांत बसून गेले की सतरंज्या झटकून गुंडाळायच्या. काठी नाही, दंडा नाही. हातात दोर आणि गळ्यात करडा रुमाल, एवढाच काय तो थाट.

बाबा छापखान्यात जुळारी होते, शिशाचे खिळे वेचून ओळी जुळवायचे. त्यांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या, रुग्णालयात परिचारिका. दोघांनी एकाच दिवशी पथकात नाव घातलं. तिला अकरा मिळाला, त्यांना बारा. बाबा दोरावर, आत्या पाण्यावर. सभेच्या गलक्यात "पाणी, पाणी" करून घसा कोण फोडणार, म्हणून ती पितळी पेल्यावर बोटातली अंगठी वाजवायची. टण्. तेवढ्यावर तहानलेली माणसं माना वळवायची. पथकात सगळे तिला पाणीताई म्हणत.

दर रविवारी सकाळी दहाला पथकाच्या हॉलमध्ये मोजणी व्हायची. मोजणी घेणारे गृहस्थ शाळेत कवायत शिकवायचे. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून ते सगळ्यांचे शिट्टीकाका. सगळ्यांनी रांगेत उभं राहायचं आणि आपापला आकडा खणखणीत बोलायचा. एक, दोन, तीन, थेट साठपर्यंत. उशिरा येईल त्याने सतरंज्या गुंडाळायच्या. एकच आकडा दोनदा आला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. शिट्टीकाका नियमाला असे चिकटून की त्यांच्या लग्नात त्यांनी स्वतःच पाहुण्यांच्या रांगा लावल्या होत्या, असं बाबा शपथेवर सांगायचे.

मग बंदी आली. तेव्हा पक्ष विरोधात होता, आणि सरकारला सतरंज्या अंथरणाऱ्यांचीसुद्धा धास्ती वाटली. साठांपैकी एक्केचाळीस तुरुंगात गेले. रविवारची मोजणी छापखान्याच्या माळ्यावर, कागदाच्या रिमांमागे, कुजबुजत होऊ लागली. एकोणीस माणसं आणि मधे नुसती भगदाडं. तेव्हा शिट्टीकाकांनी नवा नियम काढला. जो आत आहे त्याचा आकडा त्याच्या अलीकडच्या माणसाने बोलायचा. जागा सोडायची, आकडा सोडायचा नाही.

एकदा एक पोलीस शिपाई जिन्यात कान लावून उभा होता. त्याने साठपर्यंत मोजणी ऐकली, पळत जाऊन कुमक आणली आणि वर चढून बघतो तो एकोणीस जण. बाकीचे एक्केचाळीस कुठे दडवलेत म्हणून त्याने रिमा उपसल्या, शाईचे डबे उघडून आत वाकून पाहिलं. "डब्यात," बाबा सांगायचे, "आता मी बारीक होतो हे खरं, पण डब्यात?" आणि आत्या पदर तोंडाला लावून हसायची. हे मला आठवतं. दोघं एकाच बाकावर बसून, एकाने सुरू केलेली गोष्ट दुसऱ्याने पुरी करत.

तो नियम पुढेही राहिला. आजारी असो, परगावी असो, आपण होऊन सोडून गेलेला असो, मेलेला असो, त्याचा आकडा बोलला जायचाच. हाकललेल्याचा मात्र जायचा. तिथे मोजणी उडी मारायची.

पुढे पक्ष सत्तेवर आला आणि पथकाचे वाईट दिवस सुरू झाले. खुर्चीवर बसलेल्यांना दोर धरणारे हात नको होते, दुसऱ्याच कामाचे हात हवे होते. बाबांचा छापखाना पक्षाचाच. तिथे नवी यंत्रं आली आणि बावीस जुळाऱ्यांना घरी बसा म्हणून सांगितलं. ते घरी न बसता फाटकाबाहेर बसले. सहाव्या दिवशी पथकाला वरून हुकूम आला, दोर ठेवा, काठ्या घ्या, फाटक मोकळं करा.

निम्म्यांनी रुमाल काढून शिट्टीकाकांच्या टेबलावर ठेवले आणि निघून गेले. त्यांनी पुढे वेगळं पथक काढलं, तेही दोन वर्षांत फुटलं. उरलेल्या निम्म्यांनी काठ्या घेतल्या. बाबा फाटकापाशी रस्त्यावर बसलेले होते, गळ्यात पथकाचा रुमाल तसाच. आपल्याच रांगेतली माणसं समोरून काठ्या घेऊन येताना ते बघत होते. आणि त्या माणसांच्या मधून, गळ्यात तोच रुमाल, कमरेवर कळशी, हातात पेला अशी आत्या चालत आली. उन्हात सहा दिवस बसलेल्या भावासमोर वाकली आणि पेला पुढे केला.

बाबांनी हात मारला. पेला रस्त्यावर घरंगळत गेला.

"काठीवाल्यांचं पाणी नको मला," ते म्हणाले. सगळ्यांच्या देखत.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. बाबांच्या उजव्या हाताची दोन बोटं मोडली, ती नीट जुळली नाहीत. खिळे वेचायचे ते हात मग घरी बसून मुद्रितं तपासू लागले. आठ दिवसांनी पथकाच्या कचेरीतून चिठ्ठी आली. चारच शब्द. "क्रमांक बारा रद्द करण्यात." "येत आहे" टाकायलाही कोणाला सवड झाली नव्हती. बाबांनी लाल पेन्सिलीने त्या दोन शब्दांची जागा खूण करून दाखवली आणि चिठ्ठी फाडली.

बहीणभावांचं बोलणं तिथे थांबलं ते चौतीस वर्षं. आई होती तोवर ती दोन घरांमधून निरोप पोचवायची. ती गेल्यावर ते काम मी उचललं, पण चोरून. गुरुवारी संध्याकाळी मी निरूपणाला जाते. गाऊन सांगणारे बुवा आहेत, आणि आवाज असा की ऐकताना दिवसभराचा शीण उतरतो. ते एक ओळ अर्धी गाऊन थांबतात आणि पुढची अर्धी ऐकणाऱ्यांनी उचलायची असते. उचलली नाही तर थांबूनच राहतात, अगदी प्रेमाने. मला त्या थांबण्यातच देव भेटतो, खरं सांगायचं तर. तिथून परत येताना वाटेवर आत्याचं घर. बाबांना मी निरूपणाला जाते एवढंच सांगायची. खोटं काहीच नव्हतं त्यात, फक्त खरं अर्धं होतं.

यंदा आत्याच्या घशाचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, जीव वाचला, आवाज गेला. मी ते बाबांना सांगितलं. त्यांनी मुद्रितावरची मान वर केली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी घरातला रेडिओ लावणं बंद केलं, आणि मी विचारलं तर म्हणाले, "कटकट वाटते."

आत्या आता पाटीवर लिहून बोलते. मागच्या गुरुवारी मी गेले तेव्हा तिने लिहिलं, "रविवारी बारा कोण बोलणार?"

मला वाटलं ती वेळेबद्दल विचारतेय. "बारा वाजता कोणाशी बोलायचंय?" मी म्हटलं. तिने कपाळावर हात मारला, पाटी पुसली आणि चहा ठेवायला उठली.

उलगडा शुक्रवारी झाला. शिट्टीकाका आमच्या दारात. पंच्याऐंशी वय, पाठ अजून ताठ, गळ्यात शिट्टी. चौतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आमचा उंबरा ओलांडला होता. बाबा चष्मा कपाळावर चढवून बघत राहिले.

"बस म्हणशील का, की उभ्यानेच सांगू?"

"कवायत मास्तर बसतात होय?" बाबा म्हणाले, पण खुर्ची पायाने पुढे सरकवली.

"पथक बंद होतंय. पक्षाचं पत्र आलं. हॉलमध्ये आता संगणकवाली मंडळी बसणार. म्हणे सभा हल्ली फोनमध्येच होतात, सतरंज्या नकोत. रविवारी शेवटची मोजणी."

"मग मी काय करू? माझेच बारा तुम्ही चौतीस वर्षांपूर्वी वाजवलेत."

मी स्वयंपाकघराच्या दारात दचकले. तो शब्द मी त्यांच्या तोंडून कळत्या वयात पहिल्यांदाच ऐकत होते.

शिट्टीकाका थोडा वेळ शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत बसले. "तुझा आकडा रद्द झाला त्याच्या पुढच्या रविवारी," ते म्हणाले, "तुझी बहीण रांगेत उभी होती. तिची पाळी आली. 'अकरा,' म्हणाली, आणि श्वाससुद्धा न घेता, 'बारा.' मी म्हटलं, हाकललेल्याचा आकडा बोलत नाहीत. महिनाभर तिला रांगेबाहेर काढलं. महिन्याने आली. अकरा, बारा. पुन्हा बाहेर. पुन्हा आली. अकरा, बारा. तिसऱ्या खेपेला मी कानांत काही गेल्यासारखं केलं. तेव्हापासून दर रविवारी माझ्या कानात काहीतरी जातंय."

बाबा खिडकीकडे बघत होते. "उगाच सांगू नकोस. आता ती बोलू शकत नाही, तर तुला सांगायला मोकळीक."

"खोटं बोलल्याचा माझ्यावर एक तरी दाखला आहे का तुझ्याकडे, जुळाऱ्या? ये आणि ऐक."

"आवाज नाही तिला. काय ऐकू?"

"ते मलाही माहीत नाही," शिट्टीकाका उठत म्हणाले. "हजर माणसाचा आकडा दुसऱ्याने बोलायचा नाही, हा नियम आहे. आणि ती हजर असणार. म्हणजे अकरा आणि बारा, दोन्ही भगदाडं. शेवटच्या मोजणीत."

त्यांच्या मागे दार लोटून मी आले तर बाबा मुद्रित उलटं धरून तपासत होते.

रविवारी सकाळी त्यांनी दाढी केली. "फिरायला येतो तुझ्याबरोबर. पायरीपर्यंत. आत नाही," ते म्हणाले. मी होय म्हटलं. वाटेत जुन्या छापखान्याचं फाटक लागतं, आता तिथे गोदाम आहे. तिथे मी धीर करून बोलले.

"बाबा, त्या दिवशी आत्या काठीवाल्यांच्या बाजूने आली ना, ती नळ त्या बाजूला होता म्हणून."

"कुठला नळ?"

"हा." भिंतीला अजून तो नळ आहे, तोटी गेलेली, नुसता पाइप. "या बाजूला पाणीच नव्हतं. तिने मला एकदाच सांगितलं, आणि तुम्हाला सांगू नकोस म्हणाली. आपण होऊन कळलं तर कळू दे म्हणाली."

बाबांनी त्या पाइपाला हात लावून पाहिला. मग भिंतीपासून ते बसले होते त्या जागेपर्यंत पावलं टाकत गेले, मनाशी काहीतरी मोजत. परत आले आणि चालू लागले, माझ्यापेक्षा भराभर.

आम्ही पोचलो तेव्हा मोजणीसाठी रांग लागलेली होती. हॉल मला आठवत होता त्याहून लहान. भिंतीवर रुमालांच्या खुंट्या, कोपऱ्यात दोराचं वेटोळं, जमिनीवर सतरंज्या. पक्षाचा एक चिटणीस फीत घेऊन खिडक्यांची मापं घेत होता आणि मधूनमधून "काका, चालू द्या, चालू द्या" म्हणत होता. रांगेत तेवीस माणसं, काठ्या, वॉकर, जाड भिंगं, आणि मधे पुरेपूर जागा सोडलेल्या. बाबा पायरीवर थांबले. दाराची चौकट धरून.

"एक." "दोन, तीन." "चार." आवाज चिरके झाले होते, पण ठेका तोच होता. "पाच, सहा, सात," एक बाई म्हणाली. निवृत्त पोस्टमन होते त्यांनी दम घेऊन "आठ, नऊ, दहा" म्हटलं.

आणि मग शांतता. आत्या करडा रुमाल बांधून ताठ उभी होती. तिच्या डाव्या हाताला एका माणसाची जागा मोकळी. चिटणिसाच्या फितीचा करकर आवाजसुद्धा थांबला. शिट्टीकाका पुढे सरकले नाहीत, खाकरले नाहीत, थांबून राहिले. मला गुरुवारची ती अर्धी सोडलेली ओळ आठवली.

आत्याने पिशवीतून पेला काढला. तोच पितळी, एका बाजूला मोठा पोचा पडलेला. अंगठी त्यावर वाजवली.

टण्.

शिट्टीकाकांनी मान हलवली. हजर माणूस, स्वतःचा आवाज, नियमात बसत होतं. ते तेराकडे वळणार तेवढ्यात आत्याने हात पुन्हा उचलला.

टण्.

दुसरा आवाज पहिल्याहून जरा हलका होता. पण त्या हॉलमध्ये कोणालाच सांगावं लागलं नाही तो कोणाचा. शिट्टीकाकांनी करंगळी कानात घातली.

"बारा," पायरीवरून आवाज आला.

बाबांचाच. त्यांनी घसा साफ केला आणि पुन्हा म्हणाले, "बारा. हजर."

आत्या वळली नाही. ती समोरच बघत राहिली, फक्त पेला दोन्ही हातांनी धरला. बाबा आत आले, जोडे काढून, सतरंजीच्या कडेकडेने, आणि त्या मोकळ्या जागेत जाऊन उभे राहिले. उंची आता दोघांची सारखीच झाली होती.

"आकडा दोनदा आला," शिट्टीकाका म्हणाले. "पेल्याचा एक, याचा एक. मोजणी पहिल्यापासून."

"अहो काका, सुतार येऊन थांबलेत," चिटणीस म्हणाला.

"सुतारालाही रांगेत घ्या. एकसष्ट नंबर मोकळा आहे."

पुन्हा पहिल्यापासून झाली मोजणी. एक. दोन, तीन. चार. "आठ, नऊ, दहा" म्हणताना पोस्टमन हसत होते, त्यामुळे नऊ नीट ऐकूच आला नाही. मग टण्. आत्याने पेला खाली केला. तिला हात पुन्हा उचलायचा नव्हता, चौतीस वर्षांत पहिल्यांदा.

"बारा," बाबा म्हणाले. पुढे तेरा, चौदा, आणि सदतीस ते बेचाळीस एकाच शिंपीणबाईंनी एका दमात, थेट साठपर्यंत. कुठेच उडी नाही.

मोजणी संपल्यावर आत्याने कोपऱ्यातल्या माठातून पेला भरला आणि बाबांसमोर धरला. बाबांनी तो घेतला. मोडक्या बोटांनी पोचा चाचपला. प्यायले, थांबले, उरलेलं प्यायले.

"ताई," ते म्हणाले. पुढे काही जुळेना. आयुष्यभर दुसऱ्यांच्या ओळी जुळवलेला माणूस, तोंड उघडून तसाच उभा.

आत्याने पाटी काढली, काहीतरी लिहिलं आणि आधी शिट्टीकाकांना दाखवली. त्यांनी वाचून गंभीरपणे मान डोलावली. मग बाबांकडे फिरवली. पाटीवर लिहिलं होतं, "उशीर झाला. सतरंज्या."

"नियम आहे, जुळाऱ्या," शिट्टीकाका म्हणाले. "चौतीस वर्षं उशीर. तरी सूट म्हणून एकाच दिवसाच्या देतो."

बाबांनी बाह्या सारल्या. लहान होत्या त्या त्यांनी एकट्याने गुंडाळल्या, गुडघा टेकत, कण्हत, कोणालाही हात लावू न देता. मी पुढे झाले तर म्हणाले, "तू पथकात आहेस का? मग हो बाजूला."

शेवटी उरली मधली मोठी. ती एकट्याला जमत नाही. तिची दोन टोकं दोघांनी धरावी लागतात, ताणून झटकावी लागते, आणि मग एकमेकांकडे चालत येऊन टोकाला टोक द्यावं लागतं. बाबांनी एक बाजू उचलली आणि नुसतेच उभे राहिले, समोर बघत. आत्याने पेला पिशवीत ठेवला, पदर खोचला आणि दुसरी बाजू धरली. झटकल्यावर धुळीचा लोट उठला आणि चिटणीस खोकत खिडकीशी गेला. मग दोघं एकमेकांकडे चालू लागले, हळूहळू, गुडघे जपत.

"घडी वाकडी होतेय," शिट्टीकाका बसल्या जागेवरून म्हणाले.

"होऊ दे," बाबा म्हणाले. "पुन्हा घालू."